निशिगंध, झेंडू आणि चादरीचा उलटलेला कोपरा: एका तैलचित्राचे परीक्षण

फुलांचे तैलचित्र विकत घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी पाकळ्यांकडे पाहतो. गुलाबाला हात लावावासा वाटतो का, पानावरचा दवबिंदू चमकतो का, यावर त्याची पसंती ठरते, आणि चित्रे विकणारेही तेच दाखवून किंमत सांगतात. सोलापुरातील एका निवृत्त कलाशिक्षकांकडून सांगून करवून घेतलेले एक स्थिरचित्र गेले काही महिने माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. ते रोज पाहताना माझे मत पक्के होत गेले आहे, की अशा चित्राची पारख आधी सावल्यांवरून आणि फुलांच्या कडांवरून करावी. पाकळ्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. या चित्रातला भाव तिथूनच आलेला आहे.

चित्र 18 बाय 24 इंचांचे, उभे, सुती कॅनव्हासवर तैलरंगांत केलेले आहे. मध्यापासून किंचित उजवीकडे सरकवलेला एक पितळी तांब्या, त्यात निशिगंधाच्या काही काड्या, त्यांच्या पायाशी केशरी-पिवळ्या झेंडूची दाट गर्दी, तिच्यात डोकावणारी पांढरी शेवंती, आणि तांब्याच्या डावीकडे खाली एकटाच आडवा पडलेला गावठी गुलाब, अशी मांडणी आहे. हे सारे मरून रंगाच्या सोलापुरी चादरीवर ठेवलेले असून चादरीचा एक कोपरा उलटून पुढे आला आहे. पार्श्वभूमी काळपट तपकिरी आणि जवळजवळ रिकामी आहे. उजेड डावीकडून, एकाच खिडकीतून येतो.

पहिल्या नजरेला चित्र गडद वाटते. सणासुदीच्या फुलांचे म्हणून जे झगझगीत चित्र आपल्या मनात असते, ते डोळ्यांपुढे ठेवून पाहणाऱ्याचा थोडा विरस होईल. घरी आलेल्या काही पाहुण्यांनी ‘अजून थोडा उजेड हवा होता’ असे बोलूनही दाखवले. परंतु काही मिनिटे समोर बसल्यावर नजर त्या अंधाराला सरावते आणि फुले एकेक करून पुढे येऊ लागतात. आधी झेंडू, मग निशिगंधाच्या खालच्या उमललेल्या फुलांची ओळ, मग शेवंती, आणि सर्वांत शेवटी तो खाली पडलेला गुलाब. मे महिन्याच्या दुपारी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या माळवदाच्या घरात छतातल्या झरोक्यातून एकच कवडसा उतरावा आणि त्याच्या आधाराने खोलीतल्या वस्तू हळूहळू दिसू लागाव्यात, तसा हा अनुभव आहे. चित्रात शोक नाही आणि सोहळाही नाही. पूजा आटोपली आहे, फुले अजून ताजी आहेत, घरातली माणसे आपापल्या कामाला लागली आहेत, अशी ती वेळ वाटते.

हा भाव केवळ विषय निवडल्याने साधत नाही. तीच फुले, तोच तांब्या आणि तीच चादर घेऊन एखादा चित्रकार दिवाळीच्या भेटकार्डासारखे चित्रही करू शकेल. इथे पहिला निर्णय कॅनव्हासच्या जमिनीचा, म्हणजे चित्राखालच्या पहिल्या थराच्या रंगाचा आहे. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंग लावायला घेतला, तर प्रत्येक छटा शेजारच्या पांढऱ्यामुळे आहे त्यापेक्षा गडद भासते आणि चित्रकार नकळत सारे चित्र उजळ करत जातो. सरांनी (शहरातले त्यांचे सारे जुने विद्यार्थी त्यांना याच नावाने ओळखतात) आधी पूर्ण कॅनव्हासवर बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पसरला, फडक्याने पुसून घेतला आणि त्या मध्यम तपकिरी जमिनीवर काम सुरू केले. अशा जमिनीवरून उजेडाकडेही जाता येते आणि अंधाराकडेही. अंबरमध्ये नैसर्गिकरीत्या मँगनीज असते आणि त्यामुळे तो इतर बऱ्याच रंगांपेक्षा लवकर वाळतो, म्हणून खालच्या थरासाठी तो फार जुन्या काळापासून वापरला जातो. निशिगंधाच्या देठांमधल्या फटींत ही पहिली जमीन अजून उघडी दिसते. तिथे नंतर काहीही लावलेले नाही आणि त्यामुळेच वरच्या थंड करड्या छटांना खालून ऊब मिळाली आहे.

आता कडांविषयी. चित्रापासून हातभर अंतरावर उभे राहून निशिगंधाची सर्वांत उंच काडी पाहावी. तिच्या डाव्या, उजेडाकडच्या बाजूची फुले पार्श्वभूमीपासून धारदार कडेने वेगळी झाली आहेत. तीच काडी उजवीकडे कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो, हे बोट ठेवून सांगता येत नाही. रंग ओला असतानाच कोरड्या, मऊ कुंचल्याने ती कड पार्श्वभूमीत ओढून घेतलेली आहे. झेंडूच्या गर्दीत तर याहून अधिक धाडस आहे. पुढची मोजकीच फुले पाकळ्यांसह रंगवलेली आहेत आणि बाकीची केवळ केशरी, विटकरी आणि तपकिरी ठिपक्यांची आहेत. जवळून पाहिल्यास त्यांत झेंडू सापडत नाही. चार पावले मागे गेल्यावर मात्र तो ढीग टोपलीतल्या फुलांसारखा भरगच्च दिसतो, कारण पुढच्या फुलांवरून मागच्यांचा आकार डोळा स्वतःच पुरा करतो. प्रत्येक फूल सारख्याच काळजीने रंगवले असते तर नजर कुठेही थांबली नसती आणि चित्राची शांतता नाहीशी झाली असती. पाकळ्या मोजत बसणाऱ्या गिऱ्हाईकाला हा आळस वाटण्याची शक्यता आहे. माझ्या दृष्टीने चित्रातले सर्वांत कठीण आणि सर्वांत यशस्वी काम हेच आहे.

पांढरा रंग वापरण्यातला संयमही तितकाच मोलाचा आहे. निशिगंध पांढरा असला, तरी चित्रातला निशिगंध बहुतांशी पांढरा नाही. सावलीतली फुले हिरवट करड्या रंगाची आहेत, खिडकीकडे वळलेल्या पाकळ्यांवर किंचित निळसर झाक आहे, आणि तांब्याच्या तोंडाजवळच्या फुलांवर पितळेचा पिवळा उजेड खालून आला आहे. निव्वळ, दाट पांढरा फक्त काही टिंबांपुरता आहे. तो सुरीने किंवा कुंचल्याच्या टोकाने इतका जाड ठेवला आहे की तिरप्या उजेडात त्याची स्वतःची सावली पडते. कळ्यांच्या टोकांवरची गुलाबी छटा मात्र पाहायला विसरू नये. निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते, त्यामुळे एकाच काडीवर पूर्ण उमललेले फूल, अर्धवट उमललेले फूल आणि घट्ट मिटलेली कळी एकाच वेळी दिसतात. सरांनी या क्रमाचा उपयोग करून घेतला आहे. उमललेली फुले उजेडात आहेत, कळ्या वर अंधारात शिरत गेल्या आहेत, आणि त्यामुळे काडी वर जाताना रंगही आपोआप मंद होत जातो.

झेंडूच्या सावल्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या हौशी चित्रांत बिघाड इथेच होतो. पिवळा रंग गडद करण्यासाठी त्यात काळा मिसळला की तो हिरवट होतो आणि फूल सडलेले वाटू लागते. इथे पिवळ्यातून केशरीत, केशरीतून बर्न्ट सिएनाच्या विटकरीत आणि तिथून जांभळट तपकिरीत, असा सावलीचा प्रवास आहे. त्यामुळे अगदी खोल सावलीतला झेंडूही गरम राहतो. पार्श्वभूमीतल्या अंधारातही ट्यूबमधला काळा नाही. तो अंबर आणि अल्ट्रामरीन निळा यांच्या मिश्रणातून झाला आहे, असे सरांनी सांगितले, आणि दिवसाच्या उजेडात पाहिले तर डावीकडे तो तपकिरी आणि उजवीकडे निळसर झालेला दिसतो.

सोलापूरच्या माणसाला हे चित्र जवळचे वाटेल ते चादरीमुळे. आपली जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली चादर दुहेरी विणीची असते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा. चित्रात मरून जमिनीवर मोतिया नक्षी आहे, आणि जिथे कोपरा उलटला आहे तिथे बरोबर मोतिया जमिनीवर मरून नक्षी आली आहे. ही गोष्ट ज्याच्या अंथरुणावर अशी चादर आहे त्यालाच पटकन कळेल. परंतु रचनेच्या दृष्टीनेही या कोपऱ्याला मोठे काम आहे. चित्राचा खालचा अर्धा भाग गडद असताना हा एकच फिकट त्रिकोण डावीकडे उजळतो आणि गुलाबाकडे नजर घेऊन जातो. वीण दाखवण्यासाठी धागा न धागा काढलेला नाही. कुंचल्यावर अगदी थोडा, कोरडा रंग घेऊन तो कॅनव्हासच्या खरखरीत पोतावरून हलका ओढला आहे; रंग कापडाच्या उंचवट्यांवर बसला, खळग्यांत उतरला नाही, आणि कॅनव्हासच्याच विणीतून चादरीची वीण तयार झाली. घडीच्या वळणावर नक्षी किती आखडते, हेही अचूक आहे.

तांब्याचे तोंड आणि त्याचा गळा पाहिला की हा हात वस्तुचित्राच्या शिस्तीत घडलेला आहे हे ओळखू येते. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा दिलेल्या प्रत्येकाने घागर, तांब्या, फडके आणि भाजी समोर ठेवून लंबवर्तुळे गिरवलेली असतात. त्या अभ्यासाकडे पुढे बरेच जण शाळकरी म्हणून पाहतात. या चित्रात तोंडाचे लंबवर्तुळ अरुंद आणि तळाचे त्याहून रुंद आहे, जसे डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेल्या भांड्याचे असायला हवे, आणि म्हणून तांब्या चादरीवर खरोखर वजनाने बसलेला वाटतो. त्याच्या पोटावर खिडकीचे प्रतिबिंब केवळ एका वाकड्या, फिकट पट्टीने दाखवले आहे.

फुलांच्या स्थिरचित्रांचा विषय निघाला की सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच चित्रकारांचे नाव निघणारच. राखेल रुइश (1664–1750) आणि यान व्हान हॉयसम (1682–1749) यांच्या चित्रांतही अशीच गडद पार्श्वभूमी आणि एका बाजूचा उजेड आढळतो. मात्र त्या परंपरेतले कित्येक गुच्छ प्रत्यक्षात कधीच कोणी बांधलेले नव्हते. वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातली फुले एकाच फुलदाणीत दिसतात, कारण चित्रकार आधी केलेल्या अभ्यासांवरून किंवा त्या त्या ऋतूची वाट पाहून ती एकत्र आणत असत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील व्हान हॉयसमच्या एका पुष्पचित्रावर 1736 आणि 1737 अशी दोन वर्षे आहेत. सरांची वाट वेगळी आहे. एकाच सकाळी बाजारातून आणलेली फुले ते त्याच मांडणीत, ती टिकतील तोवर रंगवतात. गुलाब सर्वांत आधी, कारण तो काही तासांतच रूप बदलतो, मग निशिगंध, झेंडू आणि शेवंती दोन-तीन दिवस दम धरतात म्हणून त्या नंतर, तांब्या आणि चादर सर्वांत शेवटी. या दृष्टीने त्यांचे नाते मला फ्रान्सच्या आंरी फाँतँ-लातूर (1836–1904) यांच्याशी अधिक जवळचे वाटते. साधी, रिकामी, करड्या-तपकिरी छटेची पार्श्वभूमी ठेवून समोरच्या फुलांकडे निमूटपणे पाहत राहण्याची वृत्ती दोघांतही आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. उजव्या बाजूची पाने मला खटकतात. डावीकडच्या पानांत पिवळसर, निळसर, विटकरी झाकेचे असे अनेक हिरवे आहेत. उजवीकडची पाने एकाच हिरव्यात, एकाच दाबाने उरकल्यासारखी आहेत आणि त्यांच्या कडाही गरजेपेक्षा स्पष्ट आहेत. अंधारात विरून जाण्याऐवजी ती पुढे येऊन उभी राहतात आणि तेवढ्या भागात चित्राचा भाव मोडतो. सहीसुद्धा लाल रंगात, थोडी मोठी आहे. चादरीच्या मरूनमध्ये मिसळणारा रंग घेतला असता तर बरे झाले असते.

तिसरी गोष्ट गुलाबाच्या रंगाची, आणि ती विकत घेणाऱ्याने अवश्य विचारावी. गुलाबाचा खोल किरमिजी रंग ॲलिझरिन क्रिमसनच्या पारदर्शक थरांनी साधलेला आहे. खाली फिकट गुलाबी आकार वाळू द्यायचा आणि वर तेलात पातळ केलेला किरमिजी थर चढवायचा, की उजेड वरच्या थरातून आत जाऊन खालच्या फिकट थरावरून परत येतो आणि फुलात आतून लाली दिसते. परिणाम अप्रतिम आहे. परंतु 1868 साली जर्मनीत प्रथम कृत्रिमरीत्या तयार झालेला हा रंग उजेडात हळूहळू फिका पडतो, आणि पातळ थरात तर अधिकच. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन जातीचे, उजेडात अधिक टिकणारे किरमिजी रंग आता सहज मिळतात. पुढच्या चित्रासाठी तेच वापरण्याची विनंती मी केली आणि सरांनी ती मनापासून मान्य केली.

सेवेबद्दल माझा अनुभव उत्तम आहे. किंमत फ्रेमशिवाय 24,000 रुपये ठरली, आणि काम सुरू करताना निम्मी रक्कम द्यावी लागली. एवढ्या पैशांत छापील कॅनव्हासच्या अर्धा डझन मोठ्या चौकटी मिळतील हे खरे. परंतु छापील चित्रात वर वर्णन केलेली जाड पांढरी टिंबे, कोरड्या रंगाचा पोत आणि गुलाबातली आतली लाली यांपैकी काहीही येत नाही. तिथे सर्वत्र शाईचा एकच सपाट थर असतो. फुले कोणती हवीत, चित्र कोणत्या भिंतीवर लागणार आणि त्या भिंतीवर उजेड कोणत्या बाजूने येतो, हे सरांनी आधी विचारून घेतले. माझ्या खोलीत खिडकी डावीकडे आहे म्हणून चित्रातला उजेडही डावीकडून आहे. ही बाब कागदावर क्षुल्लक दिसेल; भिंतीवर तिचा परिणाम मोठा आहे.

काम कधी होईल, याबाबत मात्र गिऱ्हाईकाने धीर धरावा. सरांची खोली उत्तरेच्या खिडकीची आहे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही आणि सावल्या सरकत नाहीत. सोलापूर कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन त्याच खिडकीतून आत येते. त्या काळात ते पडदा लावून फक्त आधीची अर्धवट कामे पुरी करतात, नवी मांडणी लावत नाहीत. त्यातच उन्हाळ्यात फुले तासाभरात मान टाकतात.

वाळण्याचे गणितही वेगळे आहे. तैलरंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचे थर अधिक तेलकट, असा क्रम पाळावा लागतो, नाहीतर वरचा थर आधी वाळून खालचा हलत राहतो आणि पुढे तडे जातात. हाताला कोरडे लागणारे चित्रसुद्धा आतून वाळायला महिने लागतात. सरांनी चित्र ताब्यात देताना अखेरचे व्हार्निश केले नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने चित्र परत आणा, ते विनामूल्य करून देईन, असे सांगितले. जो चित्रकार ओल्या चित्रावर घाईने चकचकीत व्हार्निश मारून देतो, त्याच्यापेक्षा हा व्यवहार कितीतरी प्रामाणिक आहे.

फ्रेमचे काम सर करत नाहीत, आणि तिथे मला मनस्ताप झाला. शहरातल्या ज्या दुकानात मी चित्र दिले, तिथे जलरंगाच्या चित्राला लावतात तशी काच थेट रंगाला टेकवून बसवून दिली. काचेत खोलीतला दिवा आणि पाहणाऱ्याचा चेहरा दिसू लागला, गडद पार्श्वभूमी आरशासारखी झाली आणि जाड पांढरी टिंबे दबण्याचा धोका निर्माण झाला. तक्रार केल्यावर काच काढून दिली, पण तिचे पैसे परत मिळाले नाहीत. तैलचित्राला काच नको, चौकट कॅनव्हासला मागून मोकळी धरणारी हवी आणि मागच्या पाचरांना (कॅनव्हास ताणून धरणाऱ्या लाकडी खुंट्यांना) धक्का लागता कामा नये, हे दुकानदाराला आधीच स्पष्ट शब्दांत, शक्य झाल्यास लिहून द्यावे.

चित्र घरी आल्यावर ते थेट उन्हात लावू नये. पूर्ण अंधाऱ्या बोळात किंवा कपाटातही ठेवू नये, कारण जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते आणि निशिगंधाचे पांढरे त्यात पहिल्यांदा जाते. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. ओले फडके कधीही लावू नये. समया-उदबत्तीचा धूर पोहोचेल अशी, देवघराजवळची भिंतही टाळावी.

ज्यांना खोलीत उजळ रंगाचा एक ठिपका हवा आहे, त्यांनी हे चित्र घेऊ नये. त्यांची निराशा होईल. ज्यांना एकच चित्र पुष्कळ वर्षे पाहायचे आहे आणि ज्यांच्या घरी ते बसून पाहण्याजोगी जागा आहे, त्यांना मी निःशंकपणे शिफारस करीन. झेंडू आणि शेवंती हवी असल्यास दसऱ्यापासून पुढे थंडीभर मांडणी उत्तम लागते. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आणि गड्ड्याच्या (त्या यात्रेतल्या जत्रेच्या) दिवसांत, सर नवे काम घेत नाहीत. लग्नकार्यात भेट देण्यासाठी चित्र हवे असेल, तर रंगवण्याचा आणि वाळण्याचा काळ धरून निदान चार-पाच महिने आधी सांगावे, आणि उजवीकडच्या पानांबद्दलही त्याच वेळी बोलून घ्यावे.